मृतांसाठीची कॅथलिक प्रार्थना आणि ‘ख्रिस्ती पितृपक्ष’ हा शब्द

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या ठाणे पुरवणीत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ख्रिस्ती दफनभूमीतील मेणबत्त्यांचे एक सुंदर छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्याखालच्या चार ओळींत २ नोव्हेंबर या दिवसाचा उल्लेख ‘ख्रिस्ती बांधवांचा पितृपक्ष’ असा होता, आणि दोन दिवस आधी घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांत मुलांनी भुताखेतांचे मुखवटे लावून साजऱ्या केलेल्या हॅलोविनशीही त्याचा संबंध जोडलेला होता. कबरींवरच्या झेंडूच्या माळा छायाचित्रकाराने इतक्या आपुलकीने टिपल्या होत्या की तक्रारीचे पत्र लिहिण्यास हात धजत नव्हता. शिवाय शेजाऱ्याच्या सणाला आपल्या ओळखीचे नाव देण्यामागे दुजाभाव नसतो, जवळीकच असते, हेही मी जाणतो. तरीही हा शब्द आता दरवर्षी छापून येऊ लागला आहे, आणि आमच्यातील तरुण मुलेही तो वापरू लागली आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर कात्री लावण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे.

मी ठाण्यात वाढलेला, येथील शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला कॅथलिक वाचक आहे. पितृपक्ष मला परका नाही. आमच्या लहानपणीच्या चाळीत भाद्रपद वद्य पक्षात शेजारच्या काकू कौलांवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहत उभ्या राहत, आणि कावळा शिवेपर्यंत त्यांच्या घरी कुणी अन्नाला हात लावत नसे. सर्वपित्री अमावास्येला त्यांच्याकडची खीर आणि वडे आमच्या घरीही येत. माझी आई त्या दिवशी काकूंच्या सासऱ्यांसाठी जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, म्हणत असे. काकूंना ते ठाऊक होते आणि त्यांना ते आवडतही असे. गेलेल्या माणसाविषयी अजून आपले काही कर्तव्य उरले आहे, ही भावना दोन्ही घरांत एकच होती, आणि आपल्या मजकुरातील तुलनेला तेवढा आधार नक्कीच आहे. परंतु ‘पितृ’ आणि ‘पक्ष’ अशी या शब्दाची दोन्ही अंगे आमच्या उपासनेला लावून पाहिली, तर एकही नीट बसत नाही.

प्रथम ‘पक्ष’ घेतो, कारण तो लवकर निकालात निघतो. कॅथलिक ख्रिस्तसभेत मृतांसाठीची प्रार्थना कोणत्याही पंधरवड्यापुरती नसते. जगात कुठेही, कोणत्याही दिवशी मिस्सा (चर्चमधील आमची मुख्य उपासना) अर्पण होते, तेव्हा तिच्या मध्यवर्ती प्रार्थनेत जिवंतांबरोबर मृतांचेही स्मरण केलेच जाते. ते वगळून मिस्सा पूर्ण होत नाही. लग्नाच्या मिस्सामध्येही ते असते आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सामध्येही असते, फक्त वऱ्हाडी मंडळींचे तिकडे लक्ष नसते. २ नोव्हेंबर हा दिवस हे नित्याचे स्मरण ठळक करण्यासाठी आहे. फ्रान्समधील क्लूनी येथील मठाधिपती ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांमध्ये १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणानंतरचा दिवस सर्व मृतांच्या स्मरणासाठी ठरवून दिला, आणि तेथून ही प्रथा हळूहळू पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत पसरली. हा दिवसही सर्वांचा एक नाही. कल्याण महाधर्मप्रांतातील, मूळच्या केरळी परंपरेचे सिरो-मलबार कॅथलिक, ज्यांची अनेक कुटुंबे नवी मुंबईत आणि ठाण्यात राहतात, मृतांचे स्मरण त्यांच्या पूर्वापार पंचांगाप्रमाणे ईस्टरपूर्वीचा महाउपवासकाळ सुरू होण्याच्या आधीच्या शुक्रवारी करतात. हॅलोविनबद्दल एवढेच सांगतो की त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या’ असा आहे. त्या संध्याकाळचे मुखवटे आणि भोपळे आमच्या उपासनेतून आलेले नाहीत. मॉलमध्ये ते जसे आपल्याला दिसतात तसेच आम्हालाही दिसतात.

‘पितृ’ या शब्दाचा प्रश्न अधिक खोल आहे. पितर म्हणजे आपले पूर्वज, आपल्या कुळातले. मृतांसाठीच्या प्रार्थनेचा जो सर्वांत जुना दाखला आम्ही वाचतो, त्यात मात्र कुणी मुलगा आपल्या बापासाठी प्रार्थना करीत नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ज्यू सेनापती यहुदा मक्काबी याचा तो प्रसंग आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांची प्रेते उचलताना त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या दैवतांचे ताईत सापडले. ज्यू धर्मशास्त्राने हे निषिद्ध मानलेले होते, आणि ते याच पापामुळे पडले असे सर्वांच्या मनात आले. सेनापतीने त्यांना नाकारले नाही. त्याने सर्वांना प्रार्थनेला लावले, सैनिकांकडून चांदीची नाणी गोळा केली आणि त्यांच्या पापासाठी अर्पण व्हावे म्हणून ती यरुशलेमला पाठवली. मृत पुन्हा उठतील अशी आशा नसती तर त्यांच्यासाठी प्रार्थना करणे व्यर्थ ठरले असते, असे तो ग्रंथकार पुढे लिहितो. हा प्रसंग मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये हे पुस्तक प्रमाण मानलेले नाही. त्यांच्या स्मरणसभेत मृताच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानले जातात आणि कुटुंबासाठी सांत्वन मागितले जाते, पण बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतासाठी काही मागत नाहीत, त्याचे हेही एक कारण आहे. त्यामुळे ‘ख्रिस्ती बांधव’ हा सरसकट शब्दही येथे जरा सैल पडतो.

या प्रसंगातील मृत सैनिक पुण्यवान नव्हते आणि प्रार्थना करणाऱ्यांचे नातलगही नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे कॅथलिक प्रार्थनेची सगळी वृत्ती या एका कथेत आहे. जो चूक करून मेला, ज्याचे नाव घ्यायला लोक कचरतात, त्याच्यासाठीही तोंड उघडायचे. ख्रिस्तसभेनेही हे नेहमीच पाळले असे नाही. आत्महत्या केलेल्या माणसाला एके काळी धर्मविधीनुसार दफन नाकारले जात असे, आणि अशा कुटुंबांना सोसावी लागलेली मानहानी माझ्या आईच्या पिढीने पाहिलेली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांमध्ये आत्महत्या उरलेली नाही, आणि १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कारकिर्दीत प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो की अशा व्यक्तींच्या तारणाबद्दल निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. शेवटच्या क्षणी त्या जिवाच्या आणि देवाच्या दरम्यान काय घडले हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, आणि मृतांसाठी प्रार्थना करताना आम्ही हे न दिसणे मान्य करूनच गुडघे टेकतो.

येथे वाचक विचारतील की मग ही प्रार्थना नेमकी कशासाठी असते? मेलेला माणूस स्वर्गात असेल तर त्याला तिची गरज नाही आणि नरकात असेल तर उपयोग नाही. हा युक्तिवाद जुनाच आहे, आणि त्याच्या उत्तरातच शुद्धिस्थानाची शिकवण उभी आहे. शुद्धिस्थान म्हणजे स्वर्ग आणि नरक यांच्यामधले तिसरे गाव नव्हे आणि मेल्यावर मिळणारी दुसरी संधीही नव्हे. तेथे असलेल्या प्रत्येकाचा निर्णय झालेला आहे; तो देवाचाच आहे, फक्त देवाच्या समोर उभे राहण्याइतका अजून निर्मळ झालेला नाही. वर्गातले उदाहरण देतो, कारण मला तेच येते. परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरे उतरवून काढलेला मुलगा नंतर रडत येतो आणि कबूल करतो. मी त्याला मनापासून क्षमा करतो आणि आमच्यातला दुरावा तेथेच संपतो. पण जे गणित तो शिकलाच नाही, ते माझ्या क्षमेने त्याला येत नाही. त्याला पुन्हा बसावे लागते, घाम गाळावा लागतो, आणि त्या वेळी शेजारी कुणी बसून धीर दिला तर ते काम सुकर होते. पापाची क्षमा आणि पापाने माणसात मागे ठेवलेला वाकडेपणा यांत कॅथलिक शिकवण असाच भेद करते. लिओन येथील १२७४ ची दुसरी धर्मपरिषद, फ्लॉरेन्सची १४३९ ची आणि ट्रेंट येथील धर्मपरिषदेचे १५६३ चे अखेरचे सत्र या तिन्हींनी याविषयी जे बंधनकारक ठरवले ते आश्चर्य वाटावे इतके थोडे आहे: मरणानंतर असे शुद्धीकरण असते, आणि जिवंतांच्या प्रार्थनेचे, विशेषतः मिस्साचे, त्या आत्म्यांना साहाय्य होते. ज्वाला किती, वर्षे किती, हे सारे चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी भरलेले रंग आहेत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आपल्या परिपत्रकात या शुद्धीकरणाकडे ख्रिस्ताशी होणारी भेट म्हणून पाहता येते असे मांडले आहे. ती भेट जाळते आणि जाळताना मोकळेही करते, आणि तिचा काळ आपल्या घड्याळाने मोजता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हा भेद फार स्पष्ट दिसतो. बाप्तिस्मा झालेले तान्हे मूल दगावले, तर त्याच्या अंत्यविधीत त्याच्या शुद्धीसाठी काही मागितले जात नाही, कारण शुद्ध करण्यासारखे त्याच्यात काही नसते. तेथील प्रार्थना आईवडिलांच्या सांत्वनासाठी असते. रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांच्या, बाबतीतही असेच आहे, आणि येथे ठाण्याचा इतिहास आपोआप समोर येतो. १३२१ साली याच ठाण्यात टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि टिफ्लिसचे देमेत्रियस या चार फ्रान्सिस्कन बंधूंचा वध झाला. त्यांच्याबरोबर प्रवास केलेल्या जॉर्डानुस या डॉमिनिकन धर्मगुरूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले, आणि पुढे काही वर्षांतच पोर्देनोनेचा ओडोरिक हा प्रवासी त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनला गेला. या चौघांसाठी कोणताही कॅथलिक प्रार्थना करीत नाही. आम्ही त्यांना आमच्यासाठी प्रार्थना करण्यास सांगतो. रक्तसाक्षीसाठी प्रार्थना करणे हा त्याचा अवमान ठरेल, असे संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच म्हणून ठेवले आहे. म्हणजे कुणासाठी मागायचे आणि कुणाकडे मागायचे याचा विवेक फार पूर्वीपासून चालत आला आहे, आणि तो मृताच्या आपल्याशी असलेल्या नात्यावर बेतलेला नाही.

आणखी एक फरक दिशेचा आहे. तर्पण पितरांना उद्देशून केले जाते. पितर तृप्त होतात आणि कुळाला आशीर्वाद देतात. आमची प्रार्थना मृताविषयी असते, पण ती देवाला उद्देशून असते. मृताला काही दिले जात नाही, त्याला बोलावलेही जात नाही. प्लँचेटसारखे प्रकार तर ख्रिस्तसभेने स्पष्टपणे निषिद्ध ठरवलेले आहेत. कबरीवर लावलेली मेणबत्ती मृताला वाट दाखवण्यासाठी नसते. बाप्तिस्म्याच्या वेळी माणसाच्या हाती दिलेला आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ तेवत ठेवलेल्या मोठ्या पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीत पुन्हा दिसणारा जो पुनरुत्थानाचा प्रकाश, त्याची ती खूण असते. शुद्धिस्थानातले आत्मे आपल्यासाठीही प्रार्थना करतात असा भाविकांचा विश्वास आहे, आणि माझी आई हरवलेली किल्लीसुद्धा त्यांच्यावर सोपवत असे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण त्यांची नाराजी, त्यांचा कोप, त्यांचा अडथळा असली कल्पना आमच्या शिकवणीत कुठेच नाही. कुणाच्या घरी लग्न जमत नाही म्हणून मागच्या पिढीतल्या आत्म्यांसाठी मिस्सा सांगा, असा सल्ला अलीकडे आमच्यातलीही काही मंडळी देऊ लागली आहेत. ‘ख्रिस्ती पितृपक्ष’ हा शब्द रूढ झाल्यास अशा सल्ल्याला बळ मिळते, आणि मला हे पत्र लिहावेसे वाटण्याचे ते एक खरे कारण आहे.

दिशेचा हा मुद्दा इंडल्जन्सच्या वादग्रस्त विषयातही उपयोगी पडतो. इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाबद्दल जे सोसायचे उरते त्यातून मिळणारी सूट. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणारा कॅथलिक, पापनिवेदन, कम्युनियन वगैरे नेहमीच्या अटी पाळून, अशी पूर्ण सूट मृतांसाठी मिळवू शकतो. ती दुसऱ्या जिवंत माणसाच्या नावे करता येत नाही, आणि मृताच्या नावे केली तरी ती विनंतीच्या स्वरूपातच देवापुढे जाते, कारण गेलेल्यांवर पोपचीही हुकमत चालत नाही. ‘विनंती’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत इंडल्जन्स विकत फिरणाऱ्यांनी गिळून टाकला आणि पेटीत नाणे पडताच आत्मा सुटतो अशा थाटाची प्रवचने दिली. मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांमागे तो संताप होता, आणि तो संताप रास्त होता असे म्हणण्यात आज कोणत्याही कॅथलिकाला संकोच वाटू नये. ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवतानाच बिशपांना बजावले की सामान्य जनांपुढे या विषयातील कूटप्रश्न काढू नका, आणि ज्यात नुसते कुतूहल, अंधश्रद्धा किंवा गैरमार्गाचा पैसा यांचा वास येतो ते बंद करा. हे बजावणे पुढे किती पाळले गेले, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर घरातलेही सांगतो. मिस्सा सांगताना आम्ही धर्मगुरूंच्या हाती काही रक्कम ठेवतो. ती मिस्साची किंमत नव्हे. या व्यवहारात खरेदी-विक्रीचा नुसता भासही असता कामा नये असे धर्मसंहिता सांगते, आणि जो गरीब काहीच देऊ शकत नाही त्याच्या हेतूसाठीही मिस्सा अर्पावी अशी कळकळीची शिफारसही करते. प्रत्यक्षात मात्र आम्ही भाविकच कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून वीजबिल भरल्यासारखे वागतो. पोप ग्रेगरी थोर यांच्या नावाने चालत आलेल्या तीस मिस्सांचेच पाहा. आपल्याजवळ तीन सोन्याची नाणी लपवून ठेवलेल्या एका मठवासीयासाठी त्यांनी सलग तीस दिवस मिस्सा अर्पण करविल्या, अशी ती सहाव्या शतकातील कथा आहे. तिच्यातला लोभी बंधूविषयीचा कळवळा बाजूला राहिला आणि तीस हा आकडा मात्र पक्का झाला. गणिताच्या शिक्षकाला आकडे प्रिय असतात, तरीही सांगतो की देवाची कृपा मिस्सांच्या संख्येच्या प्रमाणात मोजता येत नाही. काही वर्षांपूर्वी मी वडिलांच्या वर्षाच्या मिस्साला गेलो असता नावांच्या लांबलचक यादीत त्यांचे नाव राहूनच गेले. मी नंतर कार्यालयात जाऊन, आता लाज वाटावी अशा आवाजात, पावती दाखवली. तेथल्या वृद्ध धर्मगुरूंनी ती हातात घेतली, शांतपणे वाचली आणि विचारले, “देवाला हे नाव तुम्ही सांगितल्यावर कळणार होते का?” मग माझ्याबरोबरच वेदीपाशी येऊन त्यांनी ते नाव उच्चारले.

नाव आणि जागा यांविषयी या धर्मपरंपरेत एक जुनी गोष्ट आहे, आणि ठाणे-नवी मुंबईसारख्या शहरांत ती अधिकच बोचते. संत ऑगस्टीन यांची आई मोनिका हिने आफ्रिकेतल्या आपल्या गावी, नवऱ्याच्या शेजारी, स्वतःसाठी कबर तयार ठेवली होती. तिची तिला फार काळजी असे. इ. स. ३८७ मध्ये परतीच्या प्रवासात, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली, आणि दुसरा मुलगा परदेशात मरण येऊ नये असे बोलू लागताच तिने दोघांना सांगितले की हा देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका. जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण मात्र ठेवा. तिने दगड मागितला नाही, शिलालेख मागितला नाही. त्याच्याही आधी दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधील अबेर्सियस या बिशपाने आपल्या कबरीवर, हे वाचून ज्याला समजेल त्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी, असे कोरून घेतले होते. आणि तिसऱ्या शतकाच्या आरंभी तेर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की विधवा आपल्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते आणि त्याच्या मृत्यूच्या वार्षिक दिवशी अर्पण करते.

माझ्या आईलाही वसईकडच्या आपल्या गावच्या चर्चमागे पुरले जावे असे वाटत होते. ते जमले नाही. ती ठाण्यात मरण पावली आणि ठाण्यातच तिचे दफन झाले. आपल्या महानगर परिसरात दफनभूमीला जागा किती अपुरी आहे हे आपल्या वृत्तपत्राने अनेकदा मांडले आहे. मोजक्या कुटुंबांच्या कायमच्या कबरी सोडल्या, तर बाकीच्या काही वर्षांनी उघडल्या जातात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक खड्ड्यात ठेवल्या जातात आणि तीच जागा पुढच्या मृताला मिळते. आज आईच्या जागी दुसऱ्याच कुणाच्या नावाचा क्रूस आहे. पहिल्या वर्षी मी तेथे फुले घेऊन गेलो तेव्हा ओशाळलो, कारण ती फुले कुणाची हा प्रश्न त्या कुटुंबालाही पडला असता आणि मलाही पडला होता. मग मी ती त्याच अनोळखी कबरीवर ठेवली आणि दोघांसाठी प्रार्थना केली. आता दर वर्षी तसेच करतो.

२०२० साली, करोनाच्या साथीत, कबरीपाशी न जाता आठवण ठेवणे अनेकांच्या वाट्याला आले. त्या वर्षी २ नोव्हेंबरला महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे भाविकांसाठी बंदच होती. ती पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. ज्यांचे आईवडील रुग्णालयातून परस्पर अंत्यविधीला नेले गेले अशी कितीतरी घरे होती, आणि काहींनी आपल्या माणसांचे दहन केले. ख्रिस्तसभेने दहनाला १९६३ पासूनच परवानगी दिलेली आहे. २०२० मध्येच रोमहून आलेल्या आदेशाने दफनभूमीच्या भेटीची आठ दिवसांची मुदत संपूर्ण नोव्हेंबरभर वाढवली आणि वृद्ध, आजारी व घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरातच येशूच्या किंवा मरियेच्या चित्रासमोर प्रार्थना करण्याची मोकळीक दिली. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी बाल्कनीत मेणबत्ती लावून आपल्या नवऱ्याचे नाव घेतले, आणि मग खालच्या मजल्यावरच्या, एकट्याच राहणाऱ्या आणि त्याच उन्हाळ्यात गेलेल्या गृहस्थांचेही. ते गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. आमच्या मिस्साच्या एका प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांची आठवण केली जाते. आजींना ते वाक्य पाठ असेल किंवा नसेल.

आपल्या छायाचित्रातील दफनभूमीच्या मागच्या भिंतीजवळ काही कबरींवर नाव उरलेले नाही. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मिस्सा झाल्यावर धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडत एकेका रांगेतून फिरतात, तेव्हा त्या कबरींपाशीही थांबतात, आणि पुष्कळ घरांतून एक मेणबत्ती मुद्दाम जास्तीची आणलेली असते, ती तेथे लावली जाते. ती लावणारा त्या मृताचा पुत्र नसतो, पौत्र नसतो, कुळातला कुणीच नसतो. या दिवसाला ‘पितृपक्ष’ का म्हणू नये, याचे इतर कोणत्याही दाखल्यापेक्षा मला पटणारे कारण ती जास्तीची मेणबत्ती आहे.

पुढच्या वर्षीही आपला छायाचित्रकार अवश्य यावा. छायाचित्राखाली ‘सर्व मृतांचा स्मरणदिन’ एवढे तीन शब्द पुरेसे आहेत. आमच्या चर्चच्या सूचनाफलकावरही तेच लिहिलेले असते.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
ठाणे (पश्चिम)